पिल्लांची रक्ती हगवण : वेळीच ओळखा, गादी कोरडी ठेवा

(कोकणातील शेतकरी मेळाव्यात एकात्मिक शेती पद्धती या विषयांतर्गत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कृषिविद्या विभागातल्या बाईने भाताच्या वाणांविषयी किंवा तणांविषयी बोलावे, कोंबड्यांच्या हगवणीविषयी कशाला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. मी पशुवैद्यक नाही, हे आधीच सांगते. पण एकात्मिक शेती पद्धती हा आमच्याच विभागाचा विषय आहे. भात, नारळ, गोठा आणि परसातल्या कोंबड्या यांचा मेळ घालताना सर्वांत आधी कोलमडतात त्या कोंबड्या, आणि त्यातही तीन ते सहा आठवड्यांची पिल्ले. मानमोडीची लस आता पुष्कळ घरी दिली जाते. रक्ती हगवणीकडे मात्र पिल्ले मरायला लागेपर्यंत कोणाचे लक्ष जात नाही. आणि हा रोग समजून घ्यायला बी, ओल आणि वाफसा एवढे तीन शब्द पुरतात. हे तिन्ही शब्द आपल्या रोजच्या वापरातले आहेत.

परसातली कोंबडी बहुतेक ठिकाणी घरातल्या बाईच्या हाती असते. अंडी विकून, सणासुदीला दोन कोंबडे विकून जे पैसे येतात ते तिच्या स्वतःच्या हिशेबाचे असतात. मुलांच्या वह्या, एस.टी.चे भाडे, औषधपाणी यांतून भागते. पूर्वी खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी बसवली जात. आता गिरिराज, वनराजा यांसारख्या सुधारित जातींची पन्नास-शंभर पिल्ले एकदम आणली जातात. चांगली गोष्ट आहे. पण पन्नास पिल्ले एका खोक्यात किंवा पडवीच्या एका कोपऱ्यात वाढवणे आणि बारा पिल्ले आईच्या मागे परसात फिरणे, यांत मोठा फरक आहे. रक्ती हगवण नेमकी त्या फरकात शिरते.

रोग होतो कसा

या रोगाचे शास्त्रीय नाव कॉक्सिडिओसिस. आयमेरिया नावाच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या एकपेशीय परोपजीवीमुळे तो होतो. कोंबड्यांत आयमेरियाच्या प्रामुख्याने सात जाती आढळतात. प्रत्येक जात आतड्याच्या ठरावीक भागात राहते. लहान पिल्लांना सर्वांत जास्त मारणारी जात म्हणजे आयमेरिया टेनेला. ती कोंबडीच्या दोन आंधळ्या आतड्यांत वाढते आणि तिथले अस्तर फोडते. म्हणून रक्त पडते.

रोगी पिल्लाच्या विष्ठेतून या जंतूची बीजे बाहेर पडतात. शास्त्रात त्यांना ऊसिस्ट म्हणतात, आपण बी म्हणू. कारण त्याचे वागणे तणाच्या बियांसारखेच आहे. विष्ठेतून ताजे पडलेले बी रोग करू शकत नाही. ते आधी पिकावे लागते. पिकण्यासाठी त्याला ऊब, ओल आणि हवा या तिन्ही गोष्टी लागतात. यालाच आपण शेतात वाफसा म्हणतो. गादीला असा वाफसा मिळाला, की २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात एक-दोन दिवसांत बी पिकते. दाणा टिपताना, गादी उकरताना, पाण्याच्या भांड्यात पडलेली विष्ठा पिताना पिल्लू ते गिळते. एका बीपासून पिल्लाच्या पोटात हजारो नवी बीजे तयार होतात. ओल्या मातीत ती कित्येक महिने जिवंत राहतात. त्यांचे कवच इतके टणक असते की फिनेल किंवा नेहमीची जंतुनाशके त्यांच्यावर चालत नाहीत. कडक कोरडेपणा आणि उष्णता मात्र त्यांना सोसत नाही.

आता एक हिशेब करा. समजा, सात दिवसांच्या पिल्लाने खुराड्यातल्या जुन्या मातीतली दोन-चार बीजे गिळली. इतक्या थोड्या बीजांनी त्याला काही होत नाही, पिल्लू खेळते-खाते. सुमारे आठवडाभराने, म्हणजे चौदाव्या दिवसाच्या सुमारास, त्याच्या विष्ठेतून हजारो बीजे पडू लागतात. गादी ओली असेल तर सोळाव्या दिवसापर्यंत ती पिकतात. आता सगळीच पिल्ले ती भरपूर गिळतात. गिळल्यापासून चौथ्या-पाचव्या दिवशी रक्त दिसते. म्हणजे पिल्ले बरोबर तीन आठवड्यांची झाली, की रोग उमटतो. "दाईतून काढेपर्यंत चांगली होती, मग कोणाची नजर लागली," असे म्हणतात ते याच वयाविषयी. नजर-बिजर काही नाही. दुसरी फेरी पूर्ण झालेली असते, एवढेच.

खुडूक कोंबडीच्या पिल्लांना हा रोग कमी का होतो, तेही यातच आहे. ती पिल्ले रोज जागा बदलतात, पसरलेली असतात. थोडी थोडी बीजे पोटात जातात आणि त्यांतून अंगात प्रतिकारशक्ती तयार होते. खोक्यातल्या पिल्लांना हीच बीजे एकदम मूठभर मिळतात. म्हणून आपले उद्दिष्ट बीजे पूर्णपणे नाहीशी करण्याचे नाही. परसात ते शक्यही नाही. बीजे थोडी ठेवायची, पिकू द्यायची नाहीत आणि पिल्लांना सावकाश सवय होऊ द्यायची, एवढेच आपल्या हातात आहे. मात्र एका जातीच्या आयमेरियाविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती दुसऱ्या जातीविरुद्ध चालत नाही. त्यामुळे एकदा रोग येऊन गेलेल्या पिल्लांत पुन्हा वेगळ्या जातीचा रोग दिसू शकतो. आयमेरिया नेकॅट्रिक्स ही जात अशीच आहे. ती आतड्याच्या मधल्या भागात राहते आणि दोन-तीन महिन्यांच्या तलंगांनाही गाठते. त्यात विष्ठेतले रक्त तितके स्पष्ट दिसत नाही, पक्षी खंगत जातो.

हा जंतू कोंबड्यांपुरताच आहे. तो माणसाला होत नाही, बदकांना नाही, शेळ्यांनाही नाही. करडांना होणारी अशीच हगवण वेगळ्या जातीच्या आयमेरियामुळे होते. शेजारच्या शेळीवाल्याशी या कारणावरून भांडू नये.

ओळखावे कसे

सकाळी खुराडे उघडल्यावर आपण पहिले काम झाडण्याचे करतो. ते थोडे थांबवा. आधी पाहा, मग झाडा. पिल्ले रात्री ज्या कोपऱ्यात बसतात तिथे संध्याकाळी जुने वर्तमानपत्र पसरून ठेवावे. सकाळी त्यावर पडलेली विष्ठा उजेडात नेऊन पाहावी. पिल्ले दोन आठवड्यांची झाल्यापासून सात-आठ आठवड्यांची होईपर्यंत हे रोज करावे. दोन मिनिटांचे काम आहे, पण रोग एक दिवस आधी कळतो आणि या रोगात एका दिवसाला फार किंमत आहे.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. कोंबडीची विष्ठा दोन प्रकारची असते. नेहमीची विष्ठा घट्टसर असते व तिच्यावर पांढरी टोपी असते. आंधळ्या आतड्यातून येणारी विष्ठा अधूनमधून पडते. ती गडद तपकिरी, चिकट आणि अतिशय घाण वासाची असते. ही नैसर्गिक आहे. ती पाहून घाबरून औषध सुरू करू नये. रक्ती हगवणीत विष्ठेत लाल रक्त दिसते. कधी विष्ठेवर लाल रेघा, कधी नुसता रक्ताचा डाग, आणि रोग वाढल्यावर जवळजवळ निव्वळ रक्तच. शेपटीखालची पिसे रक्ताने माखलेली दिसतात.

रक्ताच्या आधीही पिल्लू काही सांगत असते. ते पंख पाडून, पिसे फुलवून, डोळे मिटून उभे राहते. ऊब पुरेशी असूनही पिल्ले एकमेकांना चिकटून गोळा होतात. दाणा टाकल्यावर सगळी धावतात आणि दोन-तीन मागेच राहतात. मागे राहणाऱ्या पिल्लाला उचलून त्याचा तुरा, तोंडाच्या आतला भाग आणि पायांची कातडी पाहावी. रक्त कमी झाल्यामुळे ती फिकट पडलेली असतात. छातीचे हाड हाताला लागू लागते.

पावसाळ्यात पिल्लांना होणारी प्रत्येक हगवण ही रक्ती हगवण नसते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पांढरी, चुन्यासारखी हगवण होऊन शेपटीखालची जागा चिकटून पिल्ले मरत असतील, तर तो जिवाणूजन्य रोग असण्याचा संभव जास्त असतो. हिरवट हगवण, श्वासाला घरघर आणि मान वाकडी होणे ही मानमोडीची लक्षणे आहेत. तीन ते सहा आठवड्यांच्या वयात पांढरी पातळ हगवण होऊन पिल्ले थरथरत असतील, तर गंबोरोचा संशय घ्यावा. या रोगांचे उपाय वेगळे आहेत.

खात्री करण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे ताजे मेलेले पिल्लू प्लास्टिकच्या पिशवीत बांधून लगेच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेणे. टेनेलाने मेलेल्या पिल्लाची दोन्ही आंधळी आतडी फुगून काळपट लाल झालेली असतात व आत रक्त भरलेले असते. काही दिवस रोगी राहून मेलेल्या पिल्लात तिथे रक्ताची घट्ट गुठळी सापडते. डॉक्टर हे पाहताच ओळखतात. घरी पिल्लू फाडू नये. आपल्या राज्यात २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हापासून ही काळजी घेणे आवश्यक झाले आहे. लहान-मोठे सर्व वयांचे पक्षी अचानक धडाधड मरत असतील, तर त्यांना हात न लावता दवाखान्याला कळवावे. रक्ती हगवण तसे करत नाही. ती वय निवडते आणि मोठ्या कोंबड्यांना बहुधा सोडते.

उपचार

एका बचत गटाची पिल्ले पाहायला मी जुलैमध्ये गेले होते. शंभरांतली चाळीसेक गेली होती. गटातल्या वहिनींनी औषध दिले नव्हते असे नाही. दुकानातून टेट्रासायक्लिनची पिवळी पावडर आणून तीन दिवस दिली होती. त्यानंतर जंताचे औषध दिले. हळद-ताकही दिले होते. प्रतिजैविक जिवाणूंवर काम करते, जंताचे औषध जंतांवर. आयमेरिया यांपैकी काहीच नाही. हळद-ताकाने अपाय होत नाही, पण रक्त थांबवण्याची आशा त्यावर ठेवू नये. त्या तीन दिवसांतच चाळीस पिल्ले गेली.

या रोगावर सहज मिळणारे आणि मात्रेला बरेच सुरक्षित औषध म्हणजे अ‍ॅम्प्रोलियम. आजारी पिल्लू दाणा सोडते, पण पाणी पीत राहते. म्हणून औषध खाद्यातून न देता पाण्यातून द्यावे. २० टक्के तीव्रतेची विद्राव्य पावडर असल्यास प्रमाण असे ठेवावे : २५ लिटर पाण्यात ३० ग्रॅम, म्हणजे लिटरला १.२ ग्रॅम. हे पाणी ५ दिवस द्यावे. त्यानंतर चौथा हिस्सा मात्रा, म्हणजे लिटरला ०.३ ग्रॅम, आणखी एक ते दोन आठवडे द्यावी. पाकिटावर तीव्रता वेगळी छापलेली असेल तर प्रमाण बदलेल, म्हणून पाकीट वाचावे आणि पशुवैद्यकाला विचारून घ्यावे.

पन्नास पिल्लांना कोणी २५ लिटर पाणी देत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून आपली पिल्ले दिवसाला किती पाणी पितात ते निरोगी असतानाच मोजून ठेवावे. समजा, ५ लिटर लागते. मग एका दिवसाला ६ ग्रॅम औषध झाले. औषध दुकानातूनच ६-६ ग्रॅमच्या पाच पुड्या तोलून बांधून घ्याव्यात. चमच्याने अंदाज करू नये. एका चमच्यात किती पावडर मावते हे चमच्यावर आणि हातावर अवलंबून असते. औषधाचे पाणी रोज सकाळी ताजे करावे, उरलेले पिल्लांना पुन्हा देऊ नये. या दिवसांत पिल्लांना दुसरे कोणतेही पाणी मिळता कामा नये. पागोळीचे पाणी, नारळाच्या करवंटीत साचलेले पाणी, परसातले डबके ही सगळी बंद. पावसाळ्यात यासाठी पिल्ले आतच ठेवावी लागतात.

औषध सगळ्या पिल्लांना द्यावे, फक्त आजारी दिसणाऱ्यांना नव्हे. याचे कारण नीट समजून घ्या, कारण इथेच औषधावरचा विश्वास उडतो. अ‍ॅम्प्रोलियम जंतूच्या वाढीच्या सुरुवातीच्या अवस्थेवर, म्हणजे साधारणपणे पहिल्या तीन दिवसांत, जास्त परिणाम करते. रक्त पडणाऱ्या पिल्लात ती अवस्था होऊन गेलेली असते. त्याच्या आतड्याचे नुकसान झालेले असते. त्यामुळे औषध सुरू केल्यावरही दोन दिवस काही पिल्ले मरतात. मग लोक म्हणतात, औषध कुचकामी आहे, आणि बंद करतात. वस्तुतः औषध वाचवत असते ते आज धडधाकट दिसणाऱ्या, पण पोटात पहिल्या-दुसऱ्या दिवसाचा जंतू असणाऱ्या पिल्लांना. रोगी पिल्लांतली बहुतेक मरतूक जंतू गिळल्यापासून पाचव्या-सहाव्या दिवशी होते. जे पिल्लू आठ-नऊ दिवस तग धरते ते बहुधा वाचते.

आपल्याकडे आजारी पिल्लू दिसले, की पाण्यात बी-कॉम्प्लेक्सचे टॉनिक टाकण्याची पद्धत आहे. अ‍ॅम्प्रोलियम चालू असताना ते टाकू नये. जंतूला ब-१ जीवनसत्त्वाची गरज असते. अ‍ॅम्प्रोलियमची घडण या जीवनसत्त्वासारखी असल्याने जंतू फसतो आणि उपाशी मरतो. आपणच वरून ब-१ दिले तर औषधाची फसवणूक वाया जाते. टॉनिक औषधाचा कोर्स संपल्यावर द्यावे. अ आणि के जीवनसत्त्वे मात्र उपयोगी पडतात. अ जीवनसत्त्वाने आतड्याचे अस्तर भरून यायला मदत होते, तर के रक्त गोठण्यास उपयोगी असते. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावीत.

टॉल्ट्राझुरिल हे दुसरे औषध अधिक प्रभावी आहे. ते जंतूच्या वाढीच्या सर्व अवस्थांवर चालते व दोनच दिवस द्यावे लागते. पण ते पशुवैद्यकाने लिहून दिल्याशिवाय वापरू नये, आणि खाण्यासाठी अंडी देणाऱ्या कोंबड्यांना देऊ नये. सल्फा गटातली औषधेही या रोगावर चालतात. परंतु त्यांची योग्य मात्रा आणि विषारी मात्रा यांत फारसे अंतर नसते. जास्त दिवस किंवा जास्त प्रमाणात दिल्यास उलट रक्तस्राव होतो. परसातल्या पक्ष्यांसाठी मी तरी त्यांची शिफारस करणार नाही. कोणतेही औषध दिल्यावर पक्षी विकण्यापूर्वी किंवा कापण्यापूर्वी पाकिटावर लिहिलेले दिवस पाळावेत.

तयार खाद्य वापरणाऱ्यांनी पोत्यावरची चिठ्ठी वाचावी. पिल्लांच्या बऱ्याच खाद्यांत या रोगाला आळा घालणारे औषध आधीच मिसळलेले असते. त्यांतली मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन यांसारखी औषधे घोड्याला जीवघेणी ठरतात. म्हणून कोंबड्यांचे उरलेले खाद्य कोणत्याही जनावरांपुढे टाकू नये. आणि एखाद्या केंद्रातून या रोगाची जिवंत लस दिलेली पिल्ले आणली असतील, तर त्यांना असे औषधी खाद्य सुरू करू नये, लस वाया जाते. पिल्ले घेतानाच हे विचारून घ्यावे.

गादी आणि पाणी

औषधाने आजचा रोग आटोक्यात येतो, पण गादीत पडलेली बीजे तशीच राहतात. त्यांचा बंदोबस्त वाफसा मोडून करायचा.

कोकणात भाताचे तूस मुबलक आहे. गादीसाठी ते उत्तम. ते पाणी धरून ठेवत नाही व लवकर सुकते. पिल्लांसाठी दोन इंच जाडीचा थर पुरतो. नारळाच्या सोडणाचा भुसा काही जण वापरतात. रोपवाटिकेत आम्ही तो मुद्दाम वापरतो, कारण तो आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतो. नेमक्या त्याच कारणासाठी तो पिल्लांखाली नको.

गादीची ओल कशी पाहावी? जमिनीचा वाफसा आपण जसा पाहतो तशीच. मूठभर गादी घेऊन घट्ट दाबावी व मूठ उघडावी. गोळा तसाच राहिला तर गादी ओली आहे. किंचित चिकटून लगेच विस्कटली तर ठीक. नुसता धुरळा उडाला तर फारच कोरडी, पण पावसाळ्यात तशी चिंता कोणाला पडत नाही. ही परीक्षा मधोमध न करता पाण्याच्या भांड्याच्या कडेला करावी. सगळा रोग त्या दीड-दोन फुटांच्या वर्तुळात पिकत असतो. ऊब आहे, सांडलेले पाणी आहे आणि पिल्ले तिथेच जास्त वेळ घालवतात. भांडे विटेवर ठेवावे व पिल्ले वाढतील तशी उंची वाढवावी. भांड्याची कड पिल्लाच्या पाठीच्या पातळीत असावी, म्हणजे पिल्लू त्यात पाय घालत नाही आणि पाणी सांडत नाही. भांड्याभोवतीची ओली गादी दर दिवसाआड काढून कोरडे तूस टाकावे. बाकीची गादी रोज एकदा खालीवर करावी. छपराला गळती असेल, तर पिल्ले आणण्याआधी कौले चाळून घ्यावीत. भिंतीकडून झड येत असेल तिथे पोते लावावे, पण हवा पूर्ण कोंडू नये. कोंडलेल्या खोलीत पिल्लांच्या श्वासानेच गादी ओलावते.

जागा किती लागते? चार आठवड्यांपर्यंत पिल्लाला अर्धा चौरस फूट आणि पुढे आठ आठवड्यांपर्यंत एक चौरस फूट. म्हणजे पन्नास पिल्लांना आधी २५ आणि नंतर ५० चौरस फूट. जागा २५ चौरस फूटच असेल, तर पंचवीस पिल्ले आणावीत. मोठे पक्षी आणि पिल्ले एकत्र ठेवू नयेत. मोठी कोंबडी स्वतः निरोगी दिसते आणि बीजे टाकत राहते. पिल्लांची कामे आधी, मोठ्यांची नंतर, अशी सवय ठेवावी. खुराड्यात जाण्याची चप्पल वेगळी असावी.

पिल्ले आणण्याची वेळ हा मला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा वाटतो. त्याविषयी कोणी बोलत नाही. भाताची पेरणी आपण नक्षत्र पाहून करतो, पिल्ले मात्र हाती पैसे आले की आणतो. मृगाला, म्हणजे ७ जूनच्या सुमारास, एक दिवसाची पिल्ले आणली तर ती तीन ते सहा आठवड्यांची केव्हा होतात? २८ जून ते १९ जुलै. कोकणातला सर्वांत जास्त पावसाचा काळ तोच. रोगाचे वय आणि पावसाचा जोर एकाच वेळी येतात. तीच पिल्ले १० एप्रिलच्या आसपास आणली, तर २२ मेपर्यंत सहा आठवडे पूर्ण होतात. गादी आपोआप कोरडी राहते, दाईला बल्बही कमी लागतो. फक्त दुपारच्या उकाड्याची व सावलीची काळजी घ्यावी लागते. पावसाळा सुरू होईपर्यंत पिल्ले रोगाच्या नाजूक वयातून बाहेर पडतात. एप्रिल साधला नाही, तर पाऊस ओसरल्यावर आणावीत. आणि जूनमध्येच आणायची असतील, तर एक दिवसाची न आणता सहा-आठ आठवड्यांची वाढवलेली पिल्ले घ्यावीत. किंमत जास्त पडते, पण जुलैतली मरतूक धरून हिशेब केला, तर ती महाग नाहीत.

एक गट संपल्यावर आणि दुसरा आणण्यापूर्वी सगळी गादी काढावी. सिमेंटची जमीन असेल तर खरवडून, धुऊन, त्यावर उकळते पाणी ओतून पूर्ण वाळू द्यावी. सारवलेली जमीन असेल तर वरचा दोन इंच मातीचा थर खरवडून काढावा, कोरडी नवी माती घालून चोपावी, चुना भुरभुरावा, मग सारवावे आणि खणखणीत वाळू द्यावे. भांडी, डालगी आणि लाकडी पाट एप्रिल-मेच्या उन्हात चार दिवस उलटे-पालटे करून तापवावेत. मेलेली पिल्ले उकिरड्यावर न टाकता चुना घालून खोल पुरावीत. कुत्र्या-कावळ्यांच्या पायांनी बीजे पुन्हा परसात येतात.

काढलेली गादी टाकून देऊ नये, तिच्यात नत्र भरपूर असते. ती शेण व पालापाचोळ्याबरोबर खड्ड्यात थराथराने भरावी. ढिगाच्या आत तापमान ५५ अंशांच्या वर गेले, की ही बीजे मरतात. पण ढिगाच्या कडेला तेवढी ऊब पोहोचत नाही, म्हणून महिन्याने ढीग चाळवून कडेचे आत घालावे. तीन-चार महिन्यांनी कुजलेले खत नारळ-सुपारीच्या आळ्यांत घालून मातीने झाकावे. पिल्ले चरतात त्या बाजूच्या झाडांना ते घालू नये.